ज्युलियाच्या लग्नाचं पाणी

लेकीचं, ज्युलियाचं लग्न उद्यावर आलं होतं आणि सेबॅस्टियनचा पाय एका जागी ठरत नव्हता. मांडवातल्या खुर्च्या लावायच्या सोडून तो सारखा विहिरीवर जाऊन वाकून बघत होता. बायकोने विचारलं, काही हरवलंय का? तो म्हणाला, काही नाही. नवरा ज्या सुरात 'काही नाही' म्हणाला तो सूर तिला चांगला ठाऊक होता, पण घर पाहुण्यांनी भरलं होतं, त्यामुळे तिने विषय सोडला.

मरोळच्या त्यांच्या गावठाणात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि तिथल्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. घरोघर नळ आले असते तरी कोणी ही रीत सोडली नसती. ज्युलियाच्या आजीलाही याच विहिरीचं पाणी घातलं होतं.

ती विहीर सेबॅस्टियननेच नासवली होती. तो शेजारच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, बॉयलरवर कामाला होता. रंगाचं पाणी नाल्यात सोडतात म्हणून मागच्या वर्षी आरडाओरड झाली, तेव्हा शेठला तोडगा सुचवला तो यानेच. त्याच्या घरामागचे भाजीचे वाफे पडीक होते, तिथे खड्डा खणा, म्हणाला. शेण, राख, गुरांचं मूत, सगळं मातीत मुरतं आणि वर पालक येतो, हे त्याने जन्मभर पाहिलेलं. मग रंगाचं पाणी मातीला काय जड आहे? शेठला तर हेच हवं होतं. मातीने पाणी पिऊन टाकलं, आणि पुढे विहिरीला दिलं. हंड्यात निळसर झाक यायला लागली तसं लोकांनी ते प्यायचं सोडलं. शेवाळ आहे, असं सांगत फिरला तोही सेबॅस्टियनच.

लग्न ठरल्यावर त्याने शेठच्या हातापाया पडून गडद रंगाचं काम थांबवून घेतलं. शेठने तेवढे दिवस नुसतं ब्लीचिंग चालवलं; त्याचं पाणी बिनरंगाचं, पण जायचं त्याच खड्ड्यात. इकडे याने पंप लावून विहीर उपसली. नवं पाणी काचेसारखं नितळ आलं आणि सगळ्या गावठाणाने त्याची पाठ थोपटली. डासांसाठी म्हणून त्याने थोडे गप्पी मासे आणून सोडले. आज सकाळी बघतो तर सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

त्याने टोपलीने मासे काढून मातीत पुरले, नळाच्या पाण्याने हंडा भरला, फडकं बांधून विहिरीच्या कट्ट्यावर ठेवला. संध्याकाळी कातडं मढवलेलं मातीचं घुमट वाजवत बायका आल्या. दगड ओले आहेत, कोणी घसरेल, मी आधीच काढून ठेवलंय, असं त्याने सांगितलं. बायका कुरकुरल्या. हे पुरुषाचं काम नव्हे, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं. पण ज्युलिया हसत पुढे झाली आणि तिने फडकं सोडलं. पाणी बघून सगळ्या खूश झाल्या. सेबॅस्टियनला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात शेजारची ल्युसी पुढे आली. रोज पहाटे सार्वजनिक नळावर रांगेत भांडणारी बाई. तिने हंड्यातलं ओंजळभर पाणी चाखलं, मग कडेवरच्या पोराच्या तोंडाला लावलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "सेबॅस्टियन अंकल, मोठं काम केलं तुमी. आता कशाला नळावर मरायला जाऊ? उद्यापासून पोरांना विहिरीचंच पानी देते."

बाकीच्याही माना डोलवायला लागल्या. आम्हीपण, म्हणाल्या. गप्प बसला तर उद्या ज्युलिया ताठ मानेने चर्चला जाईल, घराण्याचं नाव राहील, नोकरी राहील. त्याने पोराच्या ओल्या हनुवटीकडे पाहिलं आणि त्याला ते सहन झालं नाही.

"ल्युसी, नको. हे नळाचं आहे. विहिरीत मासेपण जगत नाय."

घुमट थांबलं. मग त्याने खड्ड्याचं सगळं सांगितलं, शेवाळाचंही. ज्युलियाने हंड्यावर फडकं परत बांधलं.

"माझ्या आंघोळीचं राहू दे, पपा," ती म्हणाली. "आधी तो खड्डा बुजवा."

तो फावडं आणायला वळला. त्याच्या मागे ल्युसी पदराने पोराचं तोंड पुसत होती. नळाचंच पाणी होतं, तरी पुसतच राहिली.