हळू आवाज

"मेल्या, तासभर झाला, पस्तीस टक्क्यांवरच बसलायस," बाई कॉम्प्युटरला म्हणाल्या. चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, कारण समोर बसलेल्या काकांना काही ऐकू येत नव्हतं.

बाई कानाच्या दवाखान्यात श्रवणयंत्रं जुळवून द्यायच्या. काकांची दोन्ही यंत्रं जुनी. कंपनीने ती बनवणं कधीच सोडलं होतं आणि शेजारच्या खोलीतला नवा कॉम्प्युटर त्यांना ओळखही दाखवत नसे. काकांचे कान आणखी उतरले होते, यंत्रांचा आवाज नव्याने लावायला हवा होता, आणि ते जमणार फक्त या थेरड्या कॉम्प्युटरला. म्हणूनच तर बाईंनी त्याची इंटरनेटची वायर सहा वर्षं काढून ठेवली होती. अपडेट नको नि कटकट नको. काल सफाईच्या मावशींना ती लोंबकळताना दिसली. त्यांनी ती पुसून जागेवर लावली. बिचारीने चांगुलपणाने लावली, आता तिला बोलणार तरी काय.

झालं, अपडेट उतरलं आणि सकाळी अडकलं. मग 'बदल मागे घेत आहोत', मग निळा पडदा, की पुन्हा पस्तीस टक्के. बाईंचं डोकं भणभणायला लागलं.

"आज होईल ना?" काकांनी विचारलं. "उद्या हिचं ऑपरेशन आहे. घरात आम्ही दोघंच. डॉक्टर सांगतील ते मलाच ऐकायचंय."

बाईंनी कागदावर 'बघते' असं लिहिलं. नवी यंत्रं यायला पंधरा दिवस लागतात, ते लिहिलं नाही.

त्यांनी वायर उपटली, सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर चालू केला आणि अपडेट काढून टाकायला सांगितलं. तर म्हणे डिस्कवर जागा नाही. "तुझ्या पोटात भरलंय तरी काय एवढं?" म्हणत त्यांनी जुने फोटो, जुने रिपोर्ट, कुणीतरी लपवून ठेवलेले तीन सिनेमे, सगळं उडवलं. अपडेट निघालं. यंत्र जुळवायचा प्रोग्रॅम उघडला आणि नऊ मिनिटांत पडदा गोठला. पुन्हा चालू केला, पुन्हा नऊ मिनिटं. आता मात्र त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मग त्यांनी विचार केला, नऊ तर नऊ. एका कानाला सात लागतात.

तिसऱ्या खेपेला त्यांनी काकांच्या उजव्या कानातल्या यंत्राला केबल जोडली आणि घड्याळाकडे न बघता कामाला लागल्या. आवाज वाढवला, यंत्रातून येणारी शिट्टी बंद केली, सेव्ह केलं. जमलं. डाव्याची केबल जोडतात न जोडतात तोच निळा पडदा, मग काळा. बटण दाबून दाबून बोट दुखलं, पण तो काही उठला नाही.

"गेलास ना, मुडद्या," बाई ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या.

"म्हातारं आहे हो ते," काका म्हणाले. "शिव्या नका घालू."

बाई ओशाळल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या काकांकडे बघतच राहिल्या.

"डावा राहिला, काका."

"एक पुरे." काकांनी खुर्ची वळवली आणि उजवा कान बाईंकडे करून बसले. "उद्या असाच बसेन. आता जरा हळू बोला. चांगली बातमी असली की डॉक्टर मोठ्याने सांगतात. वाईट असली की त्यांचा आवाज खाली जातो. तो मला ऐकू आला पाहिजे."

बाईंनी ड्रॉवरमधून तपासणीच्या शब्दांची यादी काढली. ओठ दिसू नयेत म्हणून ती तोंडासमोर धरली आणि वाचू लागल्या.

"दार."

"दार."

"पाणी."

"पाणी."

प्रत्येक शब्दाला त्या आवाज उतरवत गेल्या. शेवटचा शब्द होता 'घर'; तो त्यांचा त्यांनाही धड ऐकू आला नाही.

काकांनी डोळे मिटले.

"घर," ते म्हणाले.