फोन ठेवायच्या आधी

अश्वजितच्या गाडीतल्या म्युझिक सेटला मधलं काही ठाऊकच नव्हतं. फोन आला की पलीकडचा माणूस विहिरीत उतरून बोलल्यासारखा ऐकू यायचा आणि त्याला वर काढायला बटन तिसापर्यंत पिळावं लागायचं. फोन संपला की पेनड्राइव्हवरचं गाणं त्याच तिसावर असं फुटायचं, की मागच्या सीटवरचा माणूस बसल्या जागी उडायचा. पेनड्राइव्ह काढून ठेवला तर सेट आपल्या मनाने रेडिओवर जाई, आणि त्याच्या गावाच्या, आसेगावच्या, आसपास रेडिओला खरखरीशिवाय दुसरं काही लागत नसे. ती खरखरही तिसावरच. कारंज्याच्या ज्या दुकानात सेट बसवला, तिथे अश्वजित दोनदा जाऊन आला. दुकानदाराने दोन्ही वेळा बेस वाढवून दाखवला आणि लग्न जमवून दिल्यासारखा हसला.

शेवटी घरच्यांनीच सेटशी जुळवून घेतलं. फोन आला की आवाज वर, ठेवायच्या आधी खाली, हे अश्वजितच्या डाव्या हाताच्या अंगवळणी पडलं. फोन कानाला लावून गाडी चालवणं त्याच्या वडलांना, माणिकरावांना, खपत नसे, म्हणून बोलणं सगळं सेटवरूनच. पण हात कधी विसरला तर तेच माणिकराव मागून खेकसत, "कमी कर बे, कानाचे पडदे बजारात भेटतात काय?"

ते माणिकराव आज सकाळी अकोल्याच्या दवाखान्यात वारले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. डॉक्टरांनी अश्वजितला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा तो हो म्हणाला. दाखवतील तिथे सह्या केल्या. नर्सला विचारून पलंगाखालचा थर्मास घेतला, चादर घडी केली, वडलांच्या चपला पिशवीत घातल्या. बहीण धम्मदीपा भिंतीला टेकून रडत होती. तिच्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला, आणि आपल्याला काहीच कसं होत नाही याचं त्याला नवल वाटत राहिलं. लाज वाटायला हवी होती, पण तीही आली नाही.

शववाहिकेत धम्मदीपा बसली. ती गाडी मागून येणार होती. अश्वजितच्या शेजारी राजपालमामा बसले. मामा म्हणजे आईचे, गंगूबाईचे, धाकटे भाऊ. मागच्या सीटवर थर्मास, चादर आणि चपलांची पिशवी. किल्ली फिरवली तसं पेनड्राइव्हवरचं गाणंही सुरू झालं. अश्वजितने बटन आठावर आणलं. बंद करायचं त्याला सुचलं नाही आणि मामांना सांगायचा धीर झाला नाही.

"गंगूबाईले काही बोलजो नोको," बार्शीटाकळी मागे पडल्यावर मामा म्हणाले. "घरी आनून राह्यलो, एवढाच निरोप देला मी, तूही तेवढंच सांगजो. मोठा भाऊ गेला तवा कोन्या शहान्यानं तिले फोनवर सांगतलं होतं. हापशीवर पडली धडकन. दोन दात गेले. आता तं बीपी बी आहे."

अश्वजितने मान हलवली. ही रीत त्याला काही नवी नव्हती. आमच्याकडे माणूस गेला की तो आधी 'सिरियस' होतो, मग 'घरी आणून राह्यलो' होतो, आणि खरोखर जातो तो गाडी अंगणात थांबल्यावरच. सांगणारा खोटं सांगतो, ऐकणारा ते ऐकून घेतो, आणि पाळी फिरली की ऐकणारा सांगणारा होतो. अश्वजितने स्वतः तीन-चार घरी असे निरोप दिले होते. तो वीज कंपनीचा लाइनमन; लाइनमनला गावोगावी ओळखतात, त्यामुळे असली कामं त्याच्याच गळ्यात पडत. त्यात अवघड काही वाटलं नव्हतं कधी.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलावर होती. पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाल फडकं बांधलं होतं. अश्वजित त्या फडक्याकडे बघत बराच वेळ तिच्या मागेच चालत राहिला. रस्ता मोकळा असून त्याने ओव्हरटेक केलं नाही.

गाणं तुटलं आणि फोन वाजला. सेटच्या काचेवर 'माय' आलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलं. अश्वजितचा हात आपसूक बटनावर गेला आणि आवाज तिसावर गेला.

"कुठपर्यंत आले रे?" गंगूबाईचा आवाज गाडीभर झाला.

"आता बार्शीटाकळी गेली, माय."

"ते कसे आहेत?"

मामांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"झोपले आहेत," अश्वजित म्हणाला. त्याचा आवाज अगदी रोजच्यासारखा निघाला. इतका रोजच्यासारखा, की त्याची त्यालाच भीती वाटली.

"मांगच्या सीटवर?"

"हो."

"आंगावर चादर आहे ना? हवा लागते मांगं."

अश्वजितने आरशात पाहिलं. घडी केलेली चादर थर्मासला टेकून होती. "आहे," तो म्हणाला.

"मी मुंगाची खिचडी टाकतो पातळ. दुसरं काही पचनार नाही त्याईले."

"टाक."

"रूपा आहे माह्याजवळ. तू काळजी नोको करू. गाडी हळू आन."

"हो, माय."

मग गंगूबाई म्हणाली, "आता ठेवतो मी. तू पह्यले आवाज कमी कर बाबू. नाही तं ते गानं वाजन आन् ते दचकतीन. झोपले आहेत तं झोपू दे."

राजपालमामांनी रुमाल काढून तोंडावर दाबला. अश्वजितने मात्र आईने सांगितलं तसं केलं. बटन उलटं फिरवत तीस, वीस, दहा करत आठावर आणलं. खाली येताना आईचा आवाज, "केला का?" एवढं विचारून बुडाला. "केला," तो म्हणाला. पलीकडून आणखी काहीतरी आलं, पण आठावर ते शब्द म्हणून कळेना. गाडीत इंजिनाचाच आवाज उरला.

त्याने वाट पाहिली. गाणं सुरू झालं नाही. काचेवर 'माय' तसंच होतं आणि त्याखाली सेकंद पुढे सरकत होते. गंगूबाईला फोन कापता येत नसे. ठेवतो म्हणायची आणि फोन खरोखरच ठेवून द्यायची, चुलीजवळ, फळीवर, जिथे हात जाईल तिथे. कापायचं काम नेहमी समोरच्याचं.

कापायलाच त्याने बोट पुढे केलं होतं. पण मघाशी बुडालेलं ते वाक्य काय होतं हे त्याला कळायला हवं होतं. कदाचित ती अजून बोलत असेल. त्याने बटन पुन्हा तिसावर नेलं.

घर ऐकू आलं. काहीतरी जड सरकवल्याचा आवाज, भांड्याचा आवाज, दोन-तीन बायकांचं कुजबुजणं. मग शेजारची रूपा स्पष्ट बोलली. "काकू, तुमी त्याले सरळ काहून नाही इचारलं?"

"त्याच्या हातात गाडी आहे," गंगूबाई म्हणाली.

भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मले सकाळीच समजलं. राजपाल फोनवर तुह्या मालकाशी बोलला आन् तुहा मालक माह्या अंगनातून मान खाली घालून गेला, तवाच समजलं. पन मी इचारलं असतं तं त्याले सांगा लागलं असतं. मंग मी रडलो असतो, तो रडला असता. गाडी कोन चालोली असती? एक तं गेला, दुसरा सुखरूप घरी येऊ दे."

"बसा तुमी खाली, काकू."

"पलंग काढला तं सतरंजी हातरा तिथं. पांढरं लुगडं पेटीतून काढून ठेव, पन मी आता नाही नेसत. त्यानं पाह्यलं तं त्याले समजन. तो आला की कोनी काही बोलाचं नाही. मले मालूम नाही, असंच रायाचं. त्याले सांगू द्या. त्यानं सांगतलं नाही तं त्याच्या मनात बसून राह्यन ते."

त्यानंतर गंगूबाई रडू लागली. आजवर अश्वजितने तिला डोळे पुसताना पाहिलं होतं, रडताना ऐकलं नव्हतं. तिने तोंडात पदर कोंबला असावा, कारण आवाज दबून येत होता, आणि सेट तो दबलेला आवाज तिसावर गाडीच्या चारही कोपऱ्यांतून देत होता.

मामांनी फोन कापायला हात पुढे केला. अश्वजितने तो हात धरला आणि धरूनच ठेवला. कापला असता तर त्या रडण्यावर गाणं कोसळलं असतं. पण ते कारण नव्हतं. त्याला ते ऐकायचं होतं. सकाळपासून जे आपल्याला येत नव्हतं ते कुणीतरी करत होतं, आणि त्याला वाटलं, निदान हे तरी आपल्याच घरातलं आहे. त्याचे डोळे कोरडेच होते.

रडणं हळूहळू थांबलं. कुणीतरी पाणी दिलं. मग त्याने मामांचा हात सोडला, आवाज आठावर आणला आणि फोन कापला. गाणं जिथे तुटलं होतं तिथून हलकेच सुरू झालं. मंगरूळपीर येऊन गेलं तरी दोघांपैकी कोणी ते बंद केलं नाही.

आसेगावला वळल्यावर वस्तीतली माणसं घरापुढे उभी दिसली. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि वाट दिली. गंगूबाई दारात उभी होती. अंगावर रोजचं हिरवं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या, डोळे लाल. ती पायऱ्या उतरली, गाडीच्या मागच्या खिडकीशी आली आणि आत वाकून पाहिलं. आत थर्मास, चादर आणि चपला होत्या. शववाहिका अजून फाट्यावर होती.

"कुठी आहेत रे ते?" तिने विचारलं.

अश्वजित खाली उतरला. तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तरी तिने त्याच्याकडे असं मान वर करून पाहिलं, जणू अजून कुणी तिला काही सांगितलंच नाही. सांगायचं एवढं तिने त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. ते उचलायचं की नाही, हे आता त्याच्यावर होतं.

"माय," तो म्हणाला, आणि सकाळपासूनचा तो रोजचा आवाज त्याला सापडेना. "माय, बाबा गेले."

तांब्या तिच्या हातातून सुटला. सगळी वस्ती बघत असताना गंगूबाईने ते पहिल्यांदा ऐकलं, आणि सांगता सांगता अश्वजितनेही.