साठ अंशांची चिठ्ठी

मी एक जुनी भट्टी आहे. मित्रांनो, माझ्यात विटा भाजत नाहीत. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसून मी कार्बनच्या नळ्यांची तोंडे उघडते. या नळ्या केसाहून हजारो पटींनी बारीक असतात. तोंडे उघडली की त्यांच्या पोकळीत निवडक रेणू भरतात, आणि मग त्यांतून वीज अधिक सहज वाहते. उष्णता कमी पडली तर तोंडे उघडत नाहीत आणि जास्त झाली तर नळ्याच जळून जातात.

तरुणपणी माझे फार कौतुक झाले. मग माझा तापमापक वाकून तापलेल्या तारेला टेकला आणि मी आतल्या खऱ्या उष्णतेपेक्षा साठ अंश जास्त दाखवू लागले. नवा बसवायला कुणाला सवड नव्हती. देखभाल करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी माझ्या दारावर चिठ्ठी चिकटवली, 'साठ वाढवून लावा.' आठ वर्षे सगळ्यांनी तसेच निभावून नेले. मला मात्र त्या चिठ्ठीची लाज वाटायची.

निवृत्तीच्या दिवशी काकांनी आपण होऊन माझा तापमापक बदलला.

"जाता जाता तुझं दुखणं तेवढं काढून टाकतो, म्हातारे," ते म्हणाले.

इतक्यात निरोपसमारंभाचे बोलावणे आले. काका हात पुसत गेले आणि चिठ्ठी दारावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संशोधन करणारी ताई आली. तीन वर्षे खपून बनवलेल्या नळ्यांपैकी तिच्याजवळ चिमूटभरच उरल्या होत्या. नळ्या बनवायचे यंत्र बंद पडले होते आणि प्रबंधाची मुदत महिनाअखेरीला संपत होती. तिला साडेचारशे अंश हवे होते. चिठ्ठी वाचून तिने पाचशे दहा लावले.

मला ओरडता येत नाही. तासाभराने तिने दार उघडले, तेव्हा बशीत तांबूस डाग तेवढा उरला होता.

दुपारी काका किल्ल्या परत द्यायला आले.

"काय झालं गं?"

"सगळं जळालं, काका. साठच वाढवले होते मी."

काका माझ्या दाराकडे वळले. मग त्यांनी नखाने ती चिठ्ठी खरवडून काढली.

"काल दुरुस्त केली हिला, पोरी. एवढं काढायचं राहिलं."

ताईने बशी धुतली, पुसली आणि फळीवर ठेवली.

मित्रांनो, यंत्राच्या दुखण्याची सवय करून घेऊ नका, त्याला वेळेवर बरे करा. आणि बरे केलेत की सगळ्यांना सांगा.

ताई पुन्हा आली नाही. माझा आकडा आता अगदी बरोबर येतो.