थोरलीचे हात

शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण थडथडलं आणि खोलीतली शांतता मोडली. धाकटीनं पातेलं उतरवलं, बादलीत पाणी ओतलं आणि कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्याच्या अंघोळीला पाहते तसं. मग तिचं तिलाच कळलं, की हे पाणी आता कुणाला पोळायचं नाही.

खाटेवर तिची थोरली जाऊ होती. पहाटे गेली.

चर्चच्या मंडळीतली बाई गेली की चौघीजणी अंघोळ घालायला यायच्या. आज एकटी म्हातारी मावशी आली होती, चर्चची घंटा वाजवणाऱ्याची आई.

"बाकीच्या?"

"एकीचे गुडघे दुखतायत, एकीकडे पाहुणे. गुडघ्यांना बरोब्बर कळतं बघ, कुठल्या दारात जायचं नाही ते." मावशीनं बाह्या सारल्या. "आणि पाळकबाईंचा निरोप आहे. चर्चमध्ये आणू नका, परस्पर कबरस्तानात न्या. पिणारीसाठी घंटा नाही वाजायची म्हणे."

धाकटीनं बादली खाटेजवळ ओढली. 'पिणारी' हा शब्द पहिल्यांदा तिच्याच तोंडून गेला होता. रविवारी थोरली बाकावर शेजारी येऊन टेकली की भपकारा यायचा. धाकटी पाळकबाईंच्या, चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोच्या, कानाशी लागली, अगदी सहज. जिभेला हाड थोडंच असतं! तेव्हापासून थोरलीला प्रभुभोजन बंद झालं. द्राक्षरसाचा प्याला हातोहात बाकावरून आला, की थोरलीचे हात मांडीवरून जरासे उठत आणि धाकटी तिच्यापुढून हात लांबवून प्याला पलीकडे देई. ते हात परत मांडीवर जात. आठ महिने हेच. थोरलीनं कधी चकार शब्द काढला नाही. दुपारी मात्र धाकटीच्या मुलीला जवळ घेऊन बसायची, पूर्वीसारखीच.

"कात्री दे," मावशी म्हणाली.

झग्याची शिवण उसवली. डाव्या छातीवर कापसाची जाड घडी होती, चिकटपट्ट्यांनी गच्च बसवलेली. मावशीनं ती भिजवून भिजवून सोडवली. खाली फुटलेली गाठ होती, चिघळलेली.

घडीखालून तोच भपकारा आला. रविवारचा. जखम पुसायच्या स्पिरिटचा.

"देवा रे," मावशी पुटपुटली. "हे सगळं एकटीनं धुवायची ही?"

"एकटी नाही काही." दारात धाकटीची सात वर्षांची मुलगी उभी होती. "मी कापूस कापून द्यायचे. बाटलीपण मीच आणायचे. काकू म्हणायची, आईला सांगायचं नाही. बाळ अंगावर पितंय, काळजीनं तिचं दूध आटेल."

मावशीनं धाकटीकडे पाहिलं नाही. फडकं पिळून नुसतं पुढं केलं.

धाकटीनं जखमेच्या कडा पुसल्या, पाठ पुसली, पाय धुतले. हात शेवटी घेतले. एकेक बोट, एकेक नख. परत पहिल्यापासून.

"पुरे गं. पाणी निवलं."

तिनं हात कोरडे केले. "मावशी, कपडे तुम्ही घाला. मी पाळकसाहेबांकडे जाऊन येते."

"काय सांगणार?"

"मी बोलले होते ते."

"मंडळीपुढं उभं करतील तुला. तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"नाही राहिली तर नाही राहिली. हिला परस्पर नेऊ देणार नाही."

तिनं चपला सरकवल्या, दाराच्या कडीला हात घातला. मुलगी वाटेतच उभी होती.

"आई, तुला काय वाटलं होतं? काकूला कसला वास येतो?"

"दारूचा," धाकटी म्हणाली.

"मग विचारायचं ना तिला. इथंच तर असायची. का नाही विचारलंस?"