हद्दूची उजवी टाच

हद्दू जिना उलटा उतरत होता. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही तळवे भिंतीवर, आधी डावा पाय, मग उजवा. सकाळी उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं उजवी टाच त्याची नसायचीच, कुणीतरी लाकडाची करून बसवल्यासारखी असायची. खाली त्याची बायको इत्तो पुदिन्याच्या चहाची किटली घेऊन उभी होती.

"अहो, स्वतःच्या घरात चोरासारखे काय उतरता?" ती म्हणाली. "मला सगळं कळतं. ते लपवायचं तुमच्या बाबांपासून, माझ्यापासून कशाला?"

तो उरलेल्या पायऱ्याही तशाच उतरला. गुरुवार होता, आणि रविवारी त्यांच्या गावाची, अज़रूची शर्यत होती. अकरा किलोमीटर, देवदारांच्या रानातून वर आणि गावातून खाली. वीस वर्षं त्याने एकही चुकवली नव्हती. जिंकला कधीच नाही. एकदा चौथा आला, तेव्हा तो पंचविशीचा होता. एरवी आठवा, अकरावा, अलीकडे तर तिसावा. मुलींच्या शाळेत खेळाचं सामान सांभाळायची नोकरी करणाऱ्या माणसाला याहून जास्त कोण विचारतो! पण त्याच्या बापाला, म्हाताऱ्या बासूला, या पळण्याचं भारी कौतुक. दरवर्षी तो कारंज्याजवळच्या वळणावर दोन तास आधी जाऊन उभा राहायचा, पोरगा दिसला की नुसता हात वर करायचा, आणि पुढे आठवडाभर चहाच्या दुकानात लोकांचे कान किटवायचा.

टाचेचं दुखणं सहा वर्षांपूर्वी पाहुण्यासारखं आलं आणि घरजावयासारखं ठाण मांडून बसलं. मोठं लबाड दुखणं. सकाळी जीव काढायचं, पळायला लागलं की दोन किलोमीटरवर गायब व्हायचं. हद्दूला वाटायचं, गेलं बुवा एकदाचं! मग तो हावरटासारखा आणखी सहा किलोमीटर पळायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुखणं दामदुपटीने हजर. त्याने बर्फ लावून पाहिला, उंटाची चरबी चोळून पाहिली. रानापलीकडच्या वस्तीतल्या म्हातारीकडून तापल्या सळईचे डाग घेतले, त्याचे दोन गोल वण घोट्यावर अजून होते आणि टाच होती तशीच होती. त्याच्याबरोबर पळणारा मिमून म्हणायचा, "दुखतंय ना? म्हणजे शीर जिवंत आहे. पळ!" आणि हा पळायचा.

दीड महिन्यापूर्वी इत्तोने त्याला ओढत मेक्नेस शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. टाचेमागची शीर म्हणजे दोरखंड समजा, डॉक्टर म्हणाला, आणि त्याचे पीळ सुटत आलेत. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, पुन्हा वर घ्यायची, रोज, निदान सहा महिने. चालायला हरकत नाही. मग हळूहळू पळताही येईल, कदाचित म्हातारपणापर्यंत. शर्यतीचं विचारल्यावर मात्र त्याने चष्मा काढला. तुटेलच असं मी म्हणत नाही, म्हणाला, पण तुमच्या जागी मी असतो तर पळालो नसतो. तुटली तर ते पळणं शेवटचं.

पळायचं की नाही हे हद्दूने ठरवलं नव्हतं, म्हणजे खरं तर ठरवलं होतं. वळणावर बाबा उभे राहणार, आणि त्यांना पोरगा दिसणार नाही, हे त्याच्याच्याने झालं नसतं.

यात नमाजाचा घोळ झाला. नमाजात उजवं पाऊल बोटांवर उभं ठेवून बसायचं आणि तसंच उठायचं, आणि या उठण्यात त्याची टाच अशी कळवळायची की तोंडातून आवाज निघायचा. अशा लोकांसाठी मशिदीत मागे खुर्च्या असतात, त्याला कुणाची ना नाही. ना होती ती फक्त त्याच्या बापाची. बासू जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, गल्लीतल्या मशिदीत चाळीस वर्षं पहिल्या रांगेत. मागे कुणी जरा धडधाकट माणूस खुर्चीवर दिसला की तो बाहेर पडताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "हे काय न्हाव्याचं दुकान आहे?" ते ऐकून हद्दूही कितीदा हसला होता. आता त्याच दुकानात जाऊन बसायचं म्हणजे सगळ्या गल्लीला टाच दाखवणं. म्हणून गेले सहा आठवडे तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या वस्तीतल्या मशिदीत जात होता. तिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

पण गल्लीतली जागा रिकामी राहिली तर ती दिसतेच. गेल्या शुक्रवारी बापाच्या घरी सगळे कुसकुसच्या परातीभोवती बसले होते, तेव्हा बासूने हात आखडता घेतला. लोक मला विचारतात, म्हणाला. पाच शुक्रवार झाले, तुझा पोरगा दिसत नाही. शाळेची वेळ बदललीय, हद्दूने थाप मारली. शुक्रवारी दुपारी शाळा नसते हे परातीभोवतीच्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"पळायला वेळ आहे," बासू म्हणाला, "आणि देवापुढे वाकायला नाही. मी तुला हे शिकवलं नव्हतं."

त्यानंतर तो एक घासही जेवला नाही. हद्दूच्या आईने हद्दूकडे पाहिलं, हद्दूने परातीकडे. खरं सांगायला तोंड उघडायचं आणि टाच पुढे करायची, एवढंच करायचं होतं. पण मग रविवारचं पळणं गेलं असतं. बापाच्या नजरेत नमाज बुडवणारा ठरलो तरी चालेल, पण वळणावर मी दिसलो पाहिजे, असा उफराटा हिशेब त्याने मनाशी केला आणि तो गप्प बसला. आठवडाभर ते त्याला आतून कुरतडत होतं.

एरवी तो संध्याकाळी जायचा, त्या गुरुवारी मात्र शाळेतून निघून तो दुपारच्याच नमाजाला वर गेला. चढावर टाच भरून आली. दारात बूट काढले. मागची कड शिरेवर आलेल्या गाठीवर घासते म्हणून पळायच्या चांगल्या बुटांच्या टाचा त्याने चेपून सपाट केल्या होत्या. आत नमाज नुकता सुरू झाला होता. खांबामागे तीन खुर्च्या होत्या, त्यातली मधली त्याने धरली आणि मान खाली घातली.

थोड्या वेळाने डाव्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं. बसताना हाडं कडकडली, आणि दबलेला एक सुस्कारा आला. देवदाराच्या भुश्शाचा वास आला. अर्ध्या अज़रूला तो वास येतो. नमाजात इकडेतिकडे बघायचं नसतं, हद्दूने पाहिलं नाही. पण त्याला सुचेनासं झालं, आणि शेवटी तर आपण नमाजाची कितवी फेरी, कितवी रकत केली हेच तो विसरला.

नमाज संपला. इमामामागोमाग त्याने उजवीकडे मान वळवून सलाम म्हटला, मग समोर. डावीकडे कुणी असेल तर त्यालाही म्हणायचा असतो. त्याने मान वळवली.

बासूची मान सलाम म्हणताना उजवीकडे वळली होती, ती तशीच राहिली होती.

लोक उठून गेले. दोघं आपापल्या खुर्चीत बसून राहिले. बासूने विचारलं, "किती दिवस?"

"टाच सहा वर्षं. खुर्ची दीड महिना."

"माझे गुडघे दोन वर्षं," बासू म्हणाला. "शुक्रवारी तिथे पहिल्या रांगेत दात आवळून उभा राहतो. इतर दिवशी दुपारी इकडे येतो. तिथे कसा बसू? माझंच तोंड आडवं येतं." मग म्हणाला, "मी तुला नको ते बोललो."

"रविवारी तुम्ही वळणावर येणार म्हणून मी बोललो नाही, बाबा."

"मी? अरे, दोन तास उभं राहायचं कसं, याच काळजीत मी आहे. तू पळतोस म्हणून यायचं. गेल्या वर्षी तुझी आई आठ दिवस तेल चोळत होती."

हद्दूला हसू आलं. जे इत्तोलाही सांगितलं नव्हतं ते तो सांगून गेला. "गेल्या वर्षी मी तुम्ही दिसेपर्यंतच पळालो. वळणापलीकडे लंगडत चालत गेलो. शेवटाला पोचलो तेव्हा लोक शर्यतीची कमान उतरवत होते."

बासू खुर्चीतच त्याच्याकडे वळला. त्याने हात पुढे केला. हद्दूने मोजा काढून पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, लहानपणी काटा काढायला ठेवायचा तसा. सुताराचा जाडजूड अंगठा शिरेवरच्या गाठीवर आला, अगदी हलका.

"दुखतं?"

सहा वर्षांत हा प्रश्न शंभर जणांनी विचारला होता आणि हद्दूने शंभर जणांना नाही म्हटलं होतं.

"दुखतं, बाबा," तो म्हणाला. "खूप दुखतं." आणि सदतीस वर्षांचा तो गडी बापासमोर रडला. बासूने अंगठा तसाच ठेवला होता.

दाराशी आल्यावर बासूने काही न विचारता हद्दूच्या बुटांत पाय घातले आणि भिंतीला धरून, चेपलेल्या टाचा बोटाने वर ओढून घेतल्या. आपल्या पिवळ्या चामडी सपाता त्याने लेकापुढे सरकवल्या. त्यांना मागे कडच नव्हती. हद्दूच्या टाचेला काही लागलं नाही.

उतारावर रस्त्यावरून आडवं शर्यतीचं कापड बांधायचं काम चाललं होतं. शिडीवर मिमून होता. वरूनच ओरडला, "काय हद्दू, रविवारी तयार ना?"

हद्दूने तोंड उघडलं, पण बासूच आधी बोलला.

"नाही. यंदा आम्ही दोघंही नाही."

मिमून बघतच राहिला. बासू पुढे निघाला. बुटांची सवय नाही म्हणून, असं म्हणत त्याने लेकाचा दंड धरला, आणि दोघं सावकाश उतार उतरू लागले.