चिंगी आणि ताईची सर्दी

मित्रांनो, आधी एक विनंती. मला माकड म्हणू नका. माकडाला शेपूट असते. माझ्या मागे बघा, काही नाही. तुमच्याही मागे काही नाही! मी एक चाळिशी ओलांडलेली चिंपांझी आहे. पाठीवरचे केस पिकले आहेत, गुडघे कुरकुरतात. या प्राणिसंग्रहालयात मला सगळे ठमी म्हणतात.

तुमचे आणि माझे नाते पुष्कळांना ठाऊक नसते. माणूस चिंपांझीपासून झाला, असे काही जण म्हणतात. ते खरे नाही. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी आपले पूर्वज एकच होते. मग वाटा फुटल्या. एका वाटेने तुम्ही आलात, दुसरीने आम्ही आणि आमचे सख्खे भाऊबंद, बोनोबो नावाचे वानर. म्हणजे आपण चुलत भावंडे. गंमत अशी, की शेजारच्या आवारातला गोरिला माझ्यासारखा काळा आणि केसाळ असला, तरी नात्याने तो मला दूरचा आणि तुम्ही जवळचे. माझ्या बोटांवर तुमच्यासारख्या रेषा आहेत, माझ्या रक्तालाही गट आहे. मला गुदगुल्या केल्या तर मीही हसते.

हसण्यावरून आठवले. लहानपणी मला आईपासून तोडून एका सर्कशीत आणले होते. फ्रॉक घालून मला तीनचाकी सायकल चालवायला लावत. दिवे लागले, ढोल वाजला, की माझे सगळे दात उघडे पडत. लोक टाळ्या पिटत म्हणत, "बघा, कशी हसतेय!" मी हसत नव्हते. भीतीने माझी गाळण उडालेली असे. आम्ही खरेखुरे हसतो तेव्हा वरचे दात ओठाआड राहतात. पण हे पाहायला कोणाला सवड होती?

सर्कस बंद पडली आणि मी इथे आले. इथे मला ताई भेटली.

ताई आमची रखवालदार. सकाळी बादलीत उकडलेली रताळी आणि गाजरे घेऊन ती येई आणि जाळीपाशी बसे. मी जाळीतून बोटे घालून तिच्या बाहीचे सुटलेले दोरे निवडत बसे. एकमेकांचे केस निवडणे म्हणजे आमच्यात माया करणे. ताईच्या हातावर केस कुठले? म्हणून दोरे. तीही बोलत बसे. घरचे, सासूचे, गळक्या नळाचे. ऐकून ऐकून माणसांची भाषा मला कळू लागली.

पुढे मला मुलगी झाली. ताईनेच तिचे नाव चिंगी ठेवले. चिंगी माझ्या पोटाला घट्ट चिकटून असे. दहा महिन्यांची झाली तशी ती जाळीपर्यंत सरकत जाऊ लागली आणि ताईच्या हातून पपईची फोड ओढून घेऊ लागली.

आमच्या दारावर प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक पाटी लावली होती. सर्दी-खोकला असलेल्याने आत यायचे नाही. ताईने ती पाटी रोज पाहिली होती. पण एका आठवड्यात आमचा दुसरा रखवालदार रजेवर होता आणि बदली माणसाच्या हातून मी खात नसे. तोंड फिरवून बसे. माझा तो हट्टच होता. ताईचे नाक गळत होते. "एवढ्यातेवढ्याने काय होतंय!" असे पुटपुटत ती आली. दोन दिवस आली. चिंगीला तिने पपई दिली आणि देताना ती शिंकली.

चार दिवसांनी मी खोकू लागले. मग चिंगी. मी बरी झाले, पण तिची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. डॉक्टरांनी फळांच्या रसातून औषध दिले.

"ताई, खरं सांगा," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला सर्दी होती?"

ताई म्हणाली, "होती, डॉक्टर. मीच आणली. ठमी उपाशी राहील म्हणून आले हो!"

"तुमची साधी सर्दी यांच्या जिवावर उठते. इतकं जवळचं रक्त आहे."

तिसऱ्या सकाळी चिंगीने माझे केस धरले नाहीत. मी तिचे हात उचलून माझ्या मानेवर ठेवले. ते घसरले. पुन्हा ठेवले.

मी तिला सोडले नाही. पाठीवर घेऊन फिरले, कुशीत घेऊन झोपले, तिच्या अंगावरच्या माश्या हाकलल्या. दुसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालयाचे मोठे साहेब आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हे बरं दिसत नाही. इंजेक्शन मारा, बेशुद्ध करा आणि काढून घ्या."

ताई त्यांच्यासमोर उभी राहिली. मोठ्या साहेबांपुढे ती कधी मान वर करत नसे.

"साहेब, मला कामावरून काढायचं तर काढा. चूक माझी आहे. पण शुद्धीवर आल्यावर ठमी पोरीला कुठे शोधणार? तिला आपल्या हाताने पोर खाली ठेवू द्या."

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर म्हणाले, "तीन दिवस थांबू या. लोकांसाठी हा भाग बंद ठेवू."

तीन दिवस ताई तोंडाला फडके बांधून दूरच्या भिंतीपाशी बसून राहिली. जवळ आली नाही, बोललीही नाही. तिसऱ्या दुपारी मी चिंगीला जाळीखालच्या फळीवर ठेवले आणि मागे सरले. ताईने तिला पांढऱ्या कापडात घेतले. तेव्हा ती इतकी रडली, की डॉक्टरांनी तिला धरून बाहेर नेले.

तुम्ही विचाराल, ठमी, तू ताईला माफ केलेस का? मित्रांनो, मला नीट सांगता येत नाही. सहा वर्षे झाली. तिच्या हातून मी खाते. बाहीचे दोरे मात्र निवडत नाही. तीही हात पुढे करत नाही. मायेने आलेल्या माणसाकडूनही घात होतो, हे आम्हा दोघींना कळले आहे.

तिची नोकरी राहिली. आता शाळेची मुले आली, की ती कठड्याशी उभी राहते आणि सांगते, "हिची मुलगी माझ्या सर्दीने गेली." दर वेळी सांगते, दर वेळी तिचा आवाज फाटतो. काही शिक्षिका तिला म्हणतात, "मुलांना कशाला हे?" ताई म्हणते, "मुलांनाच."

पुष्कळ मुले ऐकतात आणि तरी शेंगदाणे फेकतात. कोणी कठडा बडवते, कोणी माझी नक्कल करते. नात्यातल्यांनी असे वागावे, याचे वाईट वाटते.

गेल्या आठवड्यात एक वर्ग आला होता. ताईचे बोलणे संपले तशी एक मुलगी नाकाला रुमाल लावून गर्दीतून मागे सरकली. पार फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या, "अगं, इतक्या लांबून आलीस, चिंपांझी बघायची नाही का?"

"मला सर्दी झालीय," ती तिथूनच म्हणाली.

सगळा वर्ग मला पाहून गेला. तिला मी दिसले नाही, मलाही तिचा चेहरा नीट दिसला नाही. मित्रांनो, आमच्यावर माया करायची तर कधीकधी अशी लांबून करा. मला भेटायला आजवर हजारो पाहुणे आले असतील. माझे नाते ओळखणारी तीच एक होती.