पाद्रीबाबांच्या पोटातलं क्लोव्हर

पंधरा नोव्हेंबरला, शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी पावणेआठला, वेइक्कोने पाद्रीबाबांना गोळी घातली. पण तसं काही घडलंच नाही. निदान टाउनोने तसं ठरवलं, आणि उरलेला हंगामभर तो रोज मचाणावर जाऊन पाद्रीबाबांची वाट बघत बसला.

पाद्रीबाबा म्हणजे दहा टोकांच्या शिंगांचं हरिण. मान खाली घालून गंभीरपणे यायचे, जेवायचे आणि कुणाचे आभार न मानता निघून जायचे, म्हणून हे नाव.

त्यांना आपल्या मचाणासमोर आणायला, क्लोव्हर हा हरणांचा लाडका तीनपानी चारा उगवण्यासाठी टाउनो तीन वर्षं खपला होता. आधी माती तपासून घेतली. ती आंबट निघाली. "घरातल्याच कुणावर तरी गेली असेल," त्याची बायको आइली म्हणाली. मग बादल्या-बादल्यांनी चुना टाकला. बियाण्याच्या दुकानात मोठ्या पानांचं राजबिंडं क्लोव्हर होतं, पण सुपीरियर सरोवरावरून येणाऱ्या थंडीत ते पहिल्याच हिवाळ्यात मान टाकतं. टाउनोने बुटकं पांढरं निवडलं. चार महिने बर्फाखाली पडून राहायचं आणि वसंतात काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उठायचं, ही त्याची खोड. मार्चअखेर जमीन रात्री गोठते, दिवसा सुटते, तिला मधाच्या पोळ्यासारख्या भेगा पडतात. त्यांत बी फेकलं की थंडीच ते आत ओढून घेते. बर्फात पेरणी करणारा माणूस बघून शेजारणीने आइलीला सांत्वनाचा फोन केला होता.

हे सगळं वेइक्कोला ठाऊक होतं. वेइक्को म्हणजे आइलीचा भाऊ, आणि शेजारच्या जमिनीचा मालक. दर शनिवारी दोघे सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या लाकडी वाफघरात, घाम काढत बसायचे. सौनात देवळासारखं वागायचं, खोटं बोलायचं नाही, ही आजोबांपासूनची रीत. तिथे टाउनोने काहीच हातचं राखलं नाही.

"पाद्रीबाबा दलदलीतून येतात, तुझ्या कुंपणाजवळ ते पडलेलं बर्चचं झाड आहे ना, तिथे थांबतात. दोनदा हुंगतात. मग माझ्याकडे उतरतात. पावणेआठला. कुणाला सांगू नकोस हं, मेहुणे."

"दाजी, सौनात बसून सांगतो, कुणाला सांगणार नाही."

त्या सकाळी एकच बार ऐकू आला. टाउनो धावत गेला. बर्चपाशी, कुंपणाच्या पलीकडे, वेइक्को घडीच्या खुर्चीत बसून कॉफी पीत होता.

"मेहुणे, हे काय?"

"हरिण."

"माझे पाद्रीबाबा!"

"माझ्या जागेत उभे होते, दाजी."

"तुला सौनात सांगितलं होतं मी! कुणाला सांगू नकोस म्हणून!"

"मग? सांगितलं का कुणाला? एकटाच तर आलोय."

टाउनोने आजूबाजूच्या झाडीत नजर फिरवली. खरंच कुणी नव्हतं.

वेइक्कोने हरणाचं पोट फाडलं. आत हिरवागार लगदा. टाउनोने एक पान उचललं. बुटकं, हट्टी, ओळखीचं.

"चांगलं आलंय हो," वेइक्को मनापासून म्हणाला. "कुठलं बियाणं?"

आणि सवयीने टाउनोने सांगून टाकलं. ते त्याला गोळीपेक्षा जास्त लागलं.

त्या शनिवारी तो सौनात एकटाच बसला. दगडांवर पाणी ओतलं, वाफ उठली, "मेहुणे, पुरे का?" असं तोंडातून गेलं आणि बाकाच्या रिकाम्या बाजूच्या वाट्याचंही पाणी त्याने ओतून टाकलं. बाहेर आला तर आइलीने ताट वाढलं होतं.

"दादाने मांडी पाठवलीय."

"कशाची?"

"अहो, हरणाची."

"कुठल्या हरणाची?" टाउनो म्हणाला आणि नुसते बटाटे खाल्ले.

हंगाम संपला त्या दिवशी मचाणावरून उतरून त्याने वन्यजीव खात्याला अर्ज लिहिला:

'महोदय, सदर हरणाच्या मृत्यूची नोंद रद्द करून त्यास केवळ गैरहजर दाखवावे. त्याचा कायमचा रहिवास माझ्या क्लोव्हरमध्ये होता, अशी दुरुस्ती करावी. तसेच अर्जदाराने सौनात दिलेली सर्व माहिती श्री. वेइक्को यांच्याकडून जप्त करून, वापरलेली नाही असे समजून, अर्जदारास मूळ स्थितीत परत करण्यात यावी, ही विनंती.'